खिशातले तीन सेल

गरमाबदरला रस्ता संपतो. पुढे नुसता डोंगर. गावातल्या शेवटच्या घराची वरची खोली उस्ताद हूशंग दर वसंतात एका रात्रीसाठी भाड्याने घेतात आणि पहाटे तीनला निघून स्कीवर बर्फचालचं शिखर गाठतात. यंदा बरोबर मी आणि शेरविन. पाठीवरचं ओझं खाली ठेवतोय तोवर उस्तादनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि आलो त्याच रस्त्याने परत फशमला पाठवलं. कशाला, तर पेन्सिल सेल आणायला.

"बारीकवाले. प्रत्येकाला सहा. मोजून अठरा."

"उस्ताद, नवे सेल घातलेत आम्ही. सगळ्यात."

"जादाचे आहेत?"

"नाहीत."

"मग उभा काय राहिलास?"

गेलो. तासाभराचा हेलपाटा, आणि ऊन उतरल्यावर रस्त्यावरच्या पाण्याचं बर्फ व्हायला लागलेलं. जाताना शिव्या दिल्या, येताना दिल्या. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा वडिलांनी मला समजवायला आठ-नऊ म्हातारे घरी आणले होते. प्रत्येकाने चहा प्यायला, पिस्ते खाल्ले आणि तासभर माझी अक्कल काढली. एकट्या हूशंगनी विचारलं, "स्की येतं का तुला?" एवढ्यासाठी मी त्यांना सहन करायचो. बाकी तेही त्यातलेच. आपण केलं ते शहाणपण, पोरांनी केलं तो माज.

परत आलो तर उस्तादनी सेलांची पाकिटं फोडली आणि प्रसाद वाटावा तसे सहा-सहा सेल आमच्या ओंजळीत ठेवले.

"हे ज्याचे त्याने ठेवायचे. कुणी कुणाला द्यायचे नाहीत. मी मागितले तरी नाही."

"तुम्ही मागितले तर जीव देऊ, उस्ताद," शेरविन छातीवर हात ठेवून म्हणाला. त्याची ही नाटकं आम्हाला पाठ. मी हसलो. उस्ताद हसले नाहीत. शेरविनकडे बघत राहिले, आणि मग दिवा बंद केला.

फर्वर्दीन महिन्याची अठ्ठावीस, गुरुवारची रात्र. नवरोज होऊन चार आठवडे उलटले होते. घड्याळात नऊ चाळीस. तीनला निघायचं तर खरं म्हणजे झोपायची वेळ. खोलीत रॉकेलच्या शेगडीचा तांबडा उजेड तेवढा होता. उस्ताद भिंतीला टेकून बसले, पांघरूण गुडघ्यांवर घेऊन, आणि कुणी विचारलं नसताना बोलायला लागले.

"माझ्या ओळखीचा एक होता. मनूचेहर. करजचा. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच पोरांना डोंगरावर न्यायचा. सात वर्षं झाली त्याला. फर्वर्दीनची चोवीस, शुक्रवारची पहाट. बरोबर दोघं भावंडं. तराने थोरली. पूयान धाकटा, बावीस वर्षांचा."

"कुठला डोंगर?" शेरविनने विचारलं.

"डोंगराचं काय करायचंय तुला? बर्फ होतं, चढ होता, शिखर होतं. ऐक. तीनला निघाले. निघताना मनूचेहरने सगळ्यांची बीकनं तपासली. एकेकाला समोरून चालायला लावलं. तिन्ही ठीक."

बीकन म्हणजे छातीवर बांधायचं साबणाच्या वडीएवढं यंत्र. चालताना ते सारखं हाक मारत असतं. आपल्याला ऐकू येत नाही, पण दुसऱ्या बीकनला येते. हिमलोटाखाली कुणी गाडला गेला की वरच्यांनी आपापली यंत्रं 'शोध'वर फिरवायची. मग पडद्यावर बाण दिसतो आणि आकडा. आकडा म्हणजे मीटर. पंधरा मिनिटांत उकरून काढलं तर माणूस बहुतेक वाचतो. पुढे कठीण.

"तराने सगळ्यांत दमदार," उस्ताद सांगत होते. "ती पुढे वाट पाडत गेली. वर तिच्या टॉर्चचा ठिपका तेवढा दिसायचा. मागे हे दोघं. चार वाजता मनूचेहरच्या डोक्यावरचा टॉर्च विझला. जुने सेल. जादाचे आणलेच नव्हते."

"उस्ताद माणूस, आणि जादाचे सेल नाहीत?" मी म्हणालो.

"नव्हते," उस्ताद म्हणाले. "चंद्र नव्हता. खाली बर्फाची काच झालेली. पूयानच्या टॉर्चमध्ये दुसऱ्या जातीचे सेल, ते बसेनात. मनूचेहर म्हणाला, तुझ्या बीकनमधले तीन दे. उजाडेपर्यंत. रात्रीचं बर्फ घट्ट असतं, ते हलत नाही. ऊन चढल्यावर भीती. तोवर तुझे तुला परत."

"आणि त्याने दिले?"

"तू नसते दिलेस? 'तुमचेच आहेत उस्ताद,' म्हणाला पोरगा. हसत काढून दिले."

मीही दिले असते. लहानपणापासून आम्हाला हेच तर घोटवतात. मोठ्यांनी हात पुढे केला की आपल्याकडचं त्यात ठेवायचं, आणि वर म्हणायचं की यात काय एवढं.

"सहाला खिंडीत पोचले. झगझगीत उजाडलं होतं. मनूचेहरने टॉर्च काढला, सेल काढले, पूयानपुढे धरले. 'घे रे तुझे.' पूयान म्हणाला, 'राहू द्या उस्ताद, लागले तर असू देत तुमच्याजवळ.'"

"मग?" शेरविन म्हणाला. "दुसऱ्यांदा म्हणायचं ना, की घे."

"हो."

"तिसऱ्यांदा म्हटलं की घेतो माणूस. पहिल्यांदा कोण घेतं? माझी पाच वर्षांची भाची नाही घेत. हाताची मूठ वळून उभी राहते आणि तिसऱ्या वेळी झडप घालते."

"हो," उस्ताद म्हणाले. "पण मनूचेहरची बोटं गारठली होती. वर तराने हाका मारत होती. त्याने सेल खिशात टाकले आणि चेन ओढली. म्हणाला असेल मनात, शिखरावर देऊ."

"एकदाच विचारलं?" मी म्हणालो.

"एकदाच."

शेगडीत काहीतरी तडतडलं.

"शिखरावर नऊच्या आत पोचायचं असतं, त्यानंतर बर्फ मऊ पडायला लागतं. हे पोचले दहा वीसला. कारण मनूचेहर दमला होता. दर शंभर पावलांवर थांबायचा. पोरं थांबायची. 'उशीर होतोय' असं एकानेही म्हटलं नाही. वर चहा झाला, खजूर झाले, झेंडा धरून फोटो झाले. सेल... राहून गेले.

"मग उतरायचं. उताराच्या तोंडाशी तिघं उभे. पूयान म्हणाला, 'आधी तुम्ही, उस्ताद.' मनूचेहर म्हणाला, 'तू जा.' तो म्हणाला, 'असं कसं, आधी तुम्ही.' मनूचेहर म्हणाला, 'अरे तरणा आहेस, जा.' पोरगं हटेना. 'जा म्हणतो ना!' तिसऱ्यांदा म्हटल्यावर गेला."

म्हातारा आमच्याकडे बघत नव्हता.

"इथे तीनदा विचारलं, बघा. इथे बरोबर तीनदा."

"चार वळणं घेतली त्याने. सुंदर घेतली. पाचव्याला अख्खा उतार फाटला. आवाज फार नसतो त्याला. पातेल्यातलं दूध ओट्यावर सांडावं तसं सगळं खाली गेलं. थांबलं. आणि पूयान नव्हता.

"दहा एकावन्न. तरानेने घड्याळ बघितलं. रडली नाही, ओरडली नाही. बीकन शोधवर फिरवलं आणि स्कीवरून खाली. मनूचेहर मागोमाग. दोघांच्या पडद्यांवर काही नाही. नुसती रेघ. ती वरून खाली चालतेय, डावीकडून उजवीकडे चालतेय. 'उस्ताद, येत का नाहीये? उस्ताद, काहीच का येत नाहीये?'"

"त्याला माहीत होतं का येत नाहीये," मी म्हणालो.

"माहीत होतं."

"मग सांगितलं का नाही? बीकन सोड, सळई घे, दिसेल तिथे टोच, एवढं म्हणायचं. तेवढंही नाही?"

लांब घडीची सळई असते आमच्याकडे. बीकन नसेल तर ती बर्फात टोचत टोचत माणूस शोधायचा. नशिबाचा भाग असतो, पण बंद पडलेल्या यंत्राची वाट बघण्यापेक्षा बरं.

"सळई घे म्हटलं असतं तर ती विचारणार, का? मग सांगावं लागलं असतं. तो म्हणाला..." उस्तादनी घसा साफ केला. "म्हणाला, 'शोधत राहा.'"

शिवी माझ्या तोंडापर्यंत आली होती. शेरविनने माझा गुडघा दाबला.

"सहा मिनिटं गेली. सात. आणि तिचं यंत्र वाजलं."

"काय?"

"वाजलं. बाण आला. आकडा आला. एकतीस. ती किंचाळली आनंदाने. बाणाच्या मागे धावत सुटली. सव्वीस. एकोणीस. बारा. मान खाली, डोळे पडद्यावर. आठ. पाच. दोन. तिने मान वर केली. समोर... मनूचेहर.

"ती म्हणाली, 'तुमचं यंत्र अजून हाक मारतंय! शोधवर करा ना!' त्याने दाखवलं. शोधवरच होतं. तिने हिसकावलं, बंद केलं, लांब भिरकावलं. बाण हलला नाही.

"शून्य पॉइंट चार.

"तो एक पाऊल बाजूला सरकला. बाण सरकला. तो मागे झाला. बाण मागे. ती बघत होती. यंत्राकडे. मग त्याच्याकडे. 'यंत्र बिघडलंय,' तो म्हणाला.

"मिनिटं चालली होती.

"मी हातमोजा काढला. खिशात हात घातला. सेल... गरम होते. उकडून नुकत्याच काढलेल्या अंड्यासारखे. ती पाठमोरी झाली तेवढ्यात तिन्ही बर्फात टाकले. बुटाने दाबले.

"बाण गेला."

'मी' म्हणाला होता म्हातारा. शेरविनच्या ते लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं. हे लोक खोटं बोलताना नाव तेवढं बदलतात.

"मग म्हणाला, आता सळया घेऊ. बावीस मिनिटं झाली होती. तेराव्या टोचण्याला तिची सळई लागली. वितीवितीने उकरलं. एकोणचाळीस मिनिटं. छातीवर बीकन. पट्टा नीट बांधलेला. पडदा कोरा."

खाली घरमालकाची मेंढी खोकली.

"गावात कुणीतरी ते यंत्र उघडलं. आत रिकामं. मनूचेहर म्हणाला, विसरला असेल. आजकालची पोरं. गिर्यारोहण क्लबच्या कागदावर तसंच लिहिलं गेलं, मृताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. निघताना तिन्ही ठीक होती हे तरानेला आठवत होतं. पण उस्ताद म्हणतात म्हटल्यावर... चाळिसाव्या दिवशी मनूचेहर त्यांच्या घरी गेला. आई स्वतः चहा घेऊन आली. म्हणाली, 'आमच्या मुलाने तुम्हाला फार त्रास दिला, आगा. त्याला माफ करा.'"

"आणि?"

"म्हणाला, 'केलं.'"

शेरविन उठून दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला. त्याला बसवेना. मलाही.

"पुढच्या वसंतात मनूचेहर दुसऱ्या पोरांना घेऊन गेला. पायथ्याशी बीकनं तपासायला यंत्र शोधवर केलं. पोरांनी आपली चालू करायच्या आधीच आकडा. एकसष्ट. बाण मागे. मागे मोकळा रस्ता. त्याच्या पुढच्या वर्षी अठ्ठेचाळीस. मग कमी होत होत तीस. गेल्या वर्षी नऊ. नेहमी मागे. वळलं की बाण वळतो."

"मग डोंगर सोडत का नाही तो?"

उस्तादनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "घरी बसलं तर कळणार कसं, किती उरलंय?"

शेरविन हसला. खोटं हसला. घाबरला की तो असाच हसतो. "मस्त सांगता उस्ताद. आता मी दाखवतो गंमत." त्याने माझं बीकन ओढून घेतलं. "या खोलीत तीन यंत्रं. दोन बंद. बरोबर? हे मी शोधवर करतो."

"नको," उस्ताद म्हणाले.

त्याने बटण फिरवलं होतं.

पडद्यावर रेघ. नुसती रेघ. शेरविनने श्वास सोडला. "बघा. काही ना..."

टिक.

चार पॉइंट एक.

मी बाकीची दोन यंत्रं उचकटली. सेल काढून जमिनीवर ओतले.

चार पॉइंट एक. बाण भिंतीकडे. उस्ताद टेकले होते त्या भिंतीकडे. तिच्यापलीकडे अंगण आणि डोंगर.

"तुमचा फोन..." शेरविन म्हणाला. "फोनमुळे होतं असं कधी कधी."

फोन बंद केले. तिन्ही.

तीन पॉइंट आठ.

"बंद कर," मी म्हणालो. त्याची बोटं ऐकेनात. मीच बंद केलं.

उस्ताद हलले नव्हते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. आता मला लाज वाटत नव्हती, आणि आदर तर नव्हताच.

"तरानेचा नंबर आहे तुमच्याकडे?"

मनूचेहरकडे, असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "आहे."

"तिला सांगितलं का नाही? सात वर्षं ती भावाला निष्काळजी समजतेय. आई माफी मागतेय त्याच्या वतीने."

"फोन केला होता. चार वर्षांपूर्वी. तिने उचलला नाही."

"एकदाच?"

त्यांनी पांघरुणाची कड शोधली.

"एकदाच केला, उस्ताद?"

म्हाताऱ्याने पांघरूण खांद्यांवर ओढलं. "उद्या करतो. शिखरावरून उतरलो की करतो." आणि भिंतीकडे पाठ करून आडवा झाला. मग कूस बदलली, भिंतीकडे तोंड केलं. मग परत पाठ. रात्रभर तेच. शेगडी विझली तरी चटईची खसखस थांबली नाही. तीन तीन जण एका खोलीत, आणि झोप कुणालाच नाही.

तीन वाजून पाच मिनिटांनी उस्ताद बूट चढवून अंगणात गेले. रात्री थोडं भुरभुरलं होतं. गुडघाभर जुन्या कडक बर्फावर बोटभर ताजं, आणि त्यावर कसलाही ठसा नाही. टॉर्चच्या उजेडात मी ते नीट बघितलं. बाण याच बाजूला होता म्हणून बघितलं. ते भिंतीजवळ उभे राहून स्कीच्या पट्ट्या ताणत होते. जणू काही झालंच नाही.

मी त्यांच्या हातातून पट्टी काढून घेतली. "फोन."

"पहाटेचे तीन वाजलेत, कावे."

"सात वर्षं वाजलीत. लावा."

त्यांनी लावला. वाजला, वाजला, बंद पडला. "झोपली असेल," म्हणून फोन खिशात घालायला लागले.

"परत."

परत लावला. नाही उचलला.

"आता पुरे. भल्या घरच्या बाईला या वेळी..."

मी फोन हिसकावला. वडिलांच्या वयाच्या माणसाच्या हातातून. तिसऱ्यांदा मी लावला. चौथ्या रिंगला बाईचा आवाज आला, झोपेतला, घाबरलेला. "कोण? काय झालं?" मी फोन म्हाताऱ्याच्या कानाला दाबून धरला.

"मी हूशंग बोलतोय, तरानेखानम," ते म्हणाले. मला वाटलं, आता हवापाणी विचारतील, आईची तब्येत विचारतील. शेरविन दारात उभा होता. शेवटी ते म्हणाले, "पूयानच्या यंत्रात सेल होते. मी काढून घेतले होते. माझ्या खिशात होते."

पलीकडून काहीतरी हळू.

"हो," उस्ताद म्हणाले.

मग परत काहीतरी.

"हो. परत देत होतो. खिंडीत."

आणि मग तिने एक प्रश्न विचारला. मला तो ऐकू आला नाही. फक्त उत्तर ऐकलं.

"नाही. एकदाच."

फोन कधी बंद झाला ते कळलं नाही. ते तसेच उभे होते, दोन्ही पाय एका जागी, कान फोनला लावून. मग शेरविनने त्यांना दंडाला धरून आत नेलं. कुणीही शिखराचं नाव काढलं नाही.

उजाडलं तेव्हा सहा वाजून गेले होते. सामान गाडीत टाकायला मी अंगणात आलो. ताज्या बर्फावर आमचे ठसे होते. माझे, शेरविनचे, आणि भिंतीजवळ उस्तादांच्या बुटांचे दोन खोल ठसे, फोनवर बोलताना ते उभे होते तिथले. त्या दोन ठशांच्या बरोबर मधे एक भोक होतं. करंगळीएवढं, गोल. रात्री ते नव्हतं. आम्ही कुणी तिथे काही टोचलं नव्हतं. शिवाय वरून टोचलं तर भोकाची कड आत दबते. हिची कड वर आली होती. बर्फाचे कण चारी बाजूंना बाहेर सांडले होते.

मी सळई जोडली आणि त्यात घातली. अंगणात बर्फ गुडघाभर होतं, त्याखाली दगडी फरशी. सळई दोन मीटर चाळीस सेंटिमीटरची.

पूर्ण आत गेली.